परिटाला न जमलेली शुभ्रता

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न होते. वसईला, चर्चमध्ये. माझ्याबरोबर आत्या होती. तिची पंचाहत्तरी उलटून गेलेली, आणि चर्चमध्ये पाऊल टाकण्याची ही पहिलीच वेळ. ऑर्गनचे सूर लागले, सगळे उठून उभे राहिले आणि वडिलांच्या हाताला धरून नवरी आत आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. आत्या माझ्या कानाशी लागली, "अरे, नवी नवरी आणि पांढरं? घरात कुणी काही बोललं नाही का?" मी घाईघाईने म्हटले, "त्यांच्यात पांढरं पावित्र्याचं असतं गं." तिने मान डोलावली, पण पटलेले नाही हे दिसतच होते. जेवताना पुन्हा म्हणाली, "पावित्र्य काय, आपल्यातही असतं की. म्हणून का कुणी पांढरं नेसून बोहल्यावर चढतं?"

खरे म्हणजे माझे उत्तर मलाच पटले नव्हते. पांढरे म्हणजे पावित्र्य हे आपण सगळेच म्हणतो. तसे म्हटले की पुढे विचार करावा लागत नाही. त्या रात्री घरी आल्यावर कपाटातले मराठी बायबल खाली काढले आणि पांढऱ्या कपड्यांचा माग काढत बसलो. त्या रात्री सुरू झालेला हा नाद पुढे बरेच दिवस पुरला.

आधी आत्याच्या नवरीचा विषय हातावेगळा करू. पांढऱ्या गाऊनचा शास्त्राशी संबंध नाही. युरोपातल्या नवऱ्या पूर्वी घरातला सर्वांत चांगला पोशाख घालून लग्नाला उभ्या राहत. मग तो निळा असो, तांबडा असो की तपकिरी. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने पांढऱ्या सॅटिनचा पोशाख घालून अल्बर्टशी लग्न केले, त्याची चित्रे घरोघरी गेली आणि हळूहळू ती चाल पडली. स्तोत्रसंहितेच्या ४५ व्या स्तोत्रात राजविवाहाचे वर्णन आहे. तिथे राणी ओफीरच्या सोन्याने नटलेली आहे आणि वधूचा पोशाख जरीचा आणि वेलबुट्टीचा आहे. आत्याला ही वधू पसंत पडली असती.

शुभ्र वस्त्रातली एक वधू मात्र शास्त्रात आहे, अगदी शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात. तिला स्वच्छ, तेजस्वी तागाचे तलम वस्त्र नेसायला दिले जाते, आणि लेखक लगेच अर्थही सांगून टाकतो: हे वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतीची कृत्ये. म्हणजे ही वधू कोणी एक मुलगी नव्हे, सगळा भक्तसमाज आहे. आणि तिच्या वस्त्राचा धागा आहे तो माणसांनी केलेल्या कामांचा. कौमार्याचा इथे उल्लेखही नाही. तो अर्थ नंतरच्या लोकांनी पांढऱ्या गाऊनवर चढवला.

आता मुख्य मुद्द्याकडे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना घेऊन एका उंच डोंगरावर जातो. तिथे त्यांच्यासमोर त्याचे रूप पालटते. त्याची वस्त्रे चकाकू लागतात, इतकी शुभ्र होतात की पृथ्वीवरच्या कोणत्याही परिटाला तितकी शुभ्र करता येणार नाहीत. हाच प्रसंग मत्तय आणि लूकही सांगतात. मत्तय म्हणतो, वस्त्रे प्रकाशासारखी झाली. लूक त्यांना विजेसारखी लखलखवतो. परीट मात्र दोघांनीही गाळून टाकला. बहुधा त्यांना तो फार घरगुती वाटला असावा. देवाच्या पुत्राचे तेज सांगायचे आणि उपमा द्यायची धोबीघाटाची! मला मात्र मार्कची ही ओळ सगळ्यांत जवळची वाटते. डोंगरावर आकाश फाटले आहे आणि सांगणाऱ्याला आठवतो तो गावाबाहेरचा परीट.

हा परीट आपल्या परिटापेक्षा थोडा वेगळा. तो कपडे धूत असे तसाच मागावरून उतरलेले नवे लोकरी कापडही घट्ट आणि स्वच्छ करून देत असे. लोकरीत मेंढीचा तेलकटपणा असतो. तो गेल्याशिवाय ती पांढरी होत नाही. इटलीत पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे अशा परिटांचे कारखाने जसेच्या तसे सापडले आहेत. एका कारखान्याच्या खांबावर रंगवलेली त्यांच्या कामाची चित्रे आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. हौदात उघड्या पायांनी कापड तुडवणारी माणसे त्यात दिसतात, पोरे दिसतात. हौदात पाण्याबरोबर खार, चिकणमाती आणि माणसांचे शिळे मूत्र घालत. मग कापड पुष्कळदा खळबळून काढायचे, काटेरी ब्रशने विंचरायचे, वेताच्या पिंजऱ्यावर पसरून खाली गंधक जाळायचा आणि त्या धुरीने ते आणखी उजळायचे. शेवटी खडूसारखी पांढरी माती चोळायची. रोममध्ये या मुत्रालाही भाव होता. व्हेस्पाशियन बादशहाने त्यावर कर बसवला होता. मुलगा टायटस नाक मुरडू लागला तेव्हा बादशहाने पैसा त्याच्या नाकाशी धरून वास येतो का विचारले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सांगायचे एवढेच की त्या जगात पांढरे वस्त्र आपोआप पांढरे नसे. त्यामागे घाण होती, दुर्गंध होता, कुणाच्या तरी पायाची सालपटे निघालेली असत.

यरुशलेमेच्या बाहेरही 'परिटाचे शेत' नावाची जागा होती. यशया संदेष्टा आहाज राजाला भेटला ती तिथल्याच रस्त्यावर. तेव्हा यशयाच्या पहिल्या अध्यायातले ते सुप्रसिद्ध आश्वासन, तुमची पापे लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, हे परिटाचे काम ओळखणाऱ्याचे बोलणे आहे. तिथे जो लाल रंग त्याने घेतला आहे तो साधासुधा नाही. ओकच्या झाडावरच्या एका किड्यापासून तो काढत, आणि आपला 'किरमिजी' हा शब्दही अशाच किड्याच्या नावावरून आलेला आहे. एकदा कापडात बसला की न जाणारा रंग. कोणत्याही परिटाने 'हे जायचं नाही, बाई' म्हणून कापड परत केले असते. नेमके तेच कापड यशया उचलतो.

पण हे आश्वासन भिंतीवर लावण्याच्या तसबिरीत एकटेच छापतात, आणि तिथे अन्याय होतो. त्याच्या आधीच्या ओळी वाचाव्यात. तुमचे हात रक्ताने भरले आहेत, तुमच्या प्रार्थना मी ऐकणार नाही, असे तिथे देव म्हणतो. धुवा, स्वच्छ व्हा, असे सांगतो. आणि ते कसे, तेही सांगतो: न्यायाच्या मागे लागा, पोरक्याचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या. पांढरे होण्याची ही यादी देवळातली नाही, चावडीवरची आहे.

५१ वे स्तोत्र असेच आहे. दावीद राजाने बथशेबा आपली केली, तिच्या नवऱ्याला लढाईत मरणाच्या तोंडी दिले, आणि नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावले. त्यानंतरचे हे स्तोत्र, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले आहे. त्यात तो देवाला म्हणतो, मला धू म्हणजे मी बर्फाहून पांढरा होईन. मराठीत 'धुणे' एकच. अंग धुवा की कपडे धुवा. हिब्रूत दोन क्रियापदे आहेत, आणि दाविदाने वापरले आहे ते कपड्यांचे. तुडवून, आपटून, पिळून धुण्याचे. राजा देवाला आंघोळ घालायला सांगत नाही. मी मळका कपडा आहे, मला दगडावर घे, असे म्हणतो. हे कळल्यापासून ते स्तोत्र मला पूर्वीसारखे मऊ वाटत नाही.

मळक्या कपड्यांचा याहून थेट प्रसंग जखऱ्याच्या पुस्तकात आहे. यहोशवा हा मुख्य याजक देवदूतासमोर उभा आहे, उजव्या हाताला सैतान आरोप करायला टपलेला. याजकाची वस्त्रे मळलेली. मूळ शब्दाचे नाते विष्ठेशी आहे. देवदूत त्याला हाकलून देत नाही. याचे मळके कपडे काढा आणि याला चांगले घाला, एवढेच म्हणतो. एरवी हा मुख्य याजक किती थाटाचा! निळे, जांभळे, किरमिजी सूत, त्यात सोन्याची तार, झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरे. पण वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, अतिपवित्र स्थानात जाताना हे सगळे उतरवून त्याने साधे तागाचे कपडे घालायचे, असा लेवीयच्या १६ व्या अध्यायाचा दंडक आहे. पुढच्या यहुदी ग्रंथांत याला 'पांढरी वस्त्रे' असेच म्हटले आहे. लोकांसमोर सोने आणि देवासमोर ताग.

पांढऱ्याची दुसरी बाजूही शास्त्र लपवत नाही. येशू परूशी लोकांना चुना लावलेल्या थडग्यांची उपमा देतो, ती बाहेरून झकपक आणि आत हाडे. थडग्यांना चुना फासत तो शोभेसाठी नव्हे. वल्हांडणाला येणाऱ्या यात्रेकरूंनी चुकून शिवू नये म्हणून. म्हणजे तिथे पांढरा रंग 'लांब राहा' असे सांगतो! पौलही महायाजकाला 'चुना लावलेल्या भिंती' म्हणून हिणवतो. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस अंगरख्याला खडू चोळून बाहेर पडे. लॅटिनमध्ये चकचकीत पांढऱ्याला 'कॅन्डिडस' म्हणत, त्यावरून तो 'कॅन्डिडेटस', आणि तोच आपला आजचा कॅन्डिडेट. आपल्याकडच्या कडक इस्त्रीच्या खादीची आठवण होणे साहजिक आहे. असो.

आपल्या भाषेत 'पांढरपेशा' हा शब्द आहे, त्याला याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय दाखवावासा वाटतो. तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झळझळीत कपड्यांतला माणूस आला आणि मळक्या कपड्यांतला गरीबही आला. तुम्ही पहिल्याला म्हणता 'या, इथे बसा', आणि दुसऱ्याला म्हणता 'उभा राहा तिकडे'. हे काय चालले आहे, असे तो विचारतो. या झळझळीत कपड्यासाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे तोच लूकने येशूच्या थट्टेच्या प्रसंगी वापरला आहे. हेरोद आणि त्याच्या शिपायांनी येशूची टर उडवली, त्याला झळझळीत वस्त्र घातले आणि पिलाताकडे परत पाठवले. लॅटिन बायबलात तर सरळ 'पांढरे वस्त्र' असे भाषांतर आहे. डोंगरावर ज्याची वस्त्रे आपोआप उजळली त्याला खाली शहरात लोकांनी चेष्टेने तसलेच कपडे घातले.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिचा फार दुरुपयोग झाला आहे. बायबलातला आशीर्वादाचा पांढरा रंग कपड्याचा आहे, कातडीचा नाही. ग्रीक शब्दाचा अर्थही मुळात 'उजळ, प्रकाशाचा' असा आहे. कातडी बर्फासारखी पांढरी होणे हा तिथे उलट शाप आहे. मोशेने एक कूशी बायको केली, म्हणजे आजच्या सुदान-इथिओपियाच्या बाजूची, काळ्या वर्णाची. मोशेची बहीण मिर्याम तिच्यावरून कुरकुर करू लागली. गणनेच्या १२ व्या अध्यायात पुढे काय झाले? मिर्यामची कातडी रोगाने बर्फासारखी पांढरी झाली. काळ्या भावजयीला नावे ठेवणारी नणंद पांढरी! अलीशाचा चाकर गेहजी याचेही तेच. नामानाकडून खोटे बोलून चांदी आणि कपड्यांचे दोन जोड उकळले, आणि बाहेर आला तो बर्फासारखा होऊन. 'गोरी, उजळ' अशी अट घालणाऱ्या आपल्या स्थळांच्या जाहिराती वाचताना मला हटकून मिर्याम आठवते.

आता प्रकटीकरणाकडे परत जाऊ, कारण पांढरी वस्त्रे सर्वांत जास्त तिथेच आहेत. पात्म बेटावर असलेल्या योहानाने आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहिलेले हे पुस्तक. त्यातली एक मंडळी लावदिकीयाची. हे शहर गडगंज श्रीमंत. इ. स. ६० मध्ये भूकंपाने पडले तेव्हा बादशहाकडून एक पैसाही न घेता पुन्हा उभे राहिले. आणि त्याची ख्याती कशासाठी, तर काळ्या लोकरीसाठी. डोमकावळ्यासारखी काळीभोर, मऊसूत लोकर, असे भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. त्या गावाला योहानाचा निरोप: तू म्हणतोस मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही, पण तू उघडा आहेस. माझ्याकडून पांढरी वस्त्रे विकत घे. येवल्याच्या पेठेत उभे राहून 'तुम्हाला नेसायला नाही' म्हणण्यासारखे हे आहे. काळ्या रंगावर इथे राग नाही. राग आहे तो स्वतःच्या मालाने आपली लाज झाकली जाते या भ्रमावर.

त्याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सर्व राष्ट्रांतली, सर्व भाषांची, मोजता न येणारी माणसे पांढरे झगे घालून उभी आहेत. एक वडील योहानाला विचारतो, हे पांढऱ्या झग्यातले लोक कोण आणि आले कुठून? योहान म्हणतो, महाराज, आपल्यालाच ठाऊक. मग उत्तर येते: हे मोठ्या संकटातून आलेले आहेत, यांनी आपले झगे कोकऱ्याच्या रक्तात धुऊन शुभ्र केले आहेत.

रक्तात धुऊन शुभ्र! घरात कपडे धुणाऱ्या कोणालाही हे वाक्य थांबवील. रक्ताचा डाग म्हणजे सर्वांत चिवट; ताबडतोब गार पाण्यात टाकला नाही तर आयुष्यभर राहतो. हे योहानालाही ठाऊक होतेच. आणि त्याने ग्रीकमध्ये पुन्हा कपडे धुण्याचेच क्रियापद वापरले आहे. कोकरा म्हणजे वधस्तंभावर मेलेला येशू, आणि हे लोक म्हणजे त्याच्यामागून छळ सोसून गेलेले, ही त्याची श्रद्धा. श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण चित्र पाहा. विचारणाऱ्याला या पांढऱ्या लोकांकडे पाहून प्रश्न पडतो, आणि उत्तर त्यांच्या कुळाबद्दल किंवा सोवळेपणाबद्दल नाही. ते कशातून आले याबद्दल आहे. स्वच्छ राहिलेल्यांना पांढरे मिळाले, असे फक्त सार्दीस गावच्या मोजक्या लोकांपुरते म्हटले आहे. बाकीची अगणित गर्दी धुतलेल्यांची आहे. आत्याला मी 'पावित्र्य' म्हणालो तिथे चुकलो ते हेच. पावित्र्य म्हटले की आपल्याला कोरे कापड दिसते. इथे कपडा वापरलेला आहे, मळलेला आहे आणि धुतलेला आहे.

शेवटच्या अध्यायात 'आपले झगे धुणारे ते धन्य' असे वाक्य आहे, त्याची एक गंमत आहे. काही हस्तलिखितांत तिथे 'त्याच्या आज्ञा पाळणारे ते धन्य' असे आहे. ग्रीकमध्ये दोन्ही वाक्ये कानाला पुष्कळशी सारखी लागतात. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात आज्ञा पाळणारेच आहेत. जुनी हस्तलिखिते धुणाऱ्यांच्या बाजूची.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी हे सगळे अक्षरशः अंगावर घेतले. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे पाण्यात उतरत, आणि बाहेर आल्यावर त्यांना पांढरे वस्त्र देत. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज नवदीक्षितांना त्या वस्त्राचा अर्थ समजावून सांगे. आठवडाभर ते वापरून पुढच्या रविवारी उतरवत. कॅथलिक चर्चमध्ये आजही बाप्तिस्म्यात बाळाला पांढरे वस्त्र देतात. आणि माणूस गेल्यावर शवपेटीवर पांढरे कापड घालण्याची रीत आहे, ती या पहिल्या वस्त्राची आठवण म्हणून. पूर्वी अंत्यविधीला पाद्री काळी वस्त्रे घालत. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले की अंत्यविधीत पुनरुत्थानाची आशा दिसावी आणि त्या त्या प्रदेशाच्या रीतीप्रमाणे रंगही बदलता यावा. त्यानंतर तिथेही पांढरे आले. म्हणजे आत्याची पांढऱ्याबद्दलची शंका अगदीच अनाठायी नव्हती. फक्त नवरीच्या जागी तिने शवपेटी पाहिली असती तर तिला ते ओळखीचे वाटले असते.

तशी आपल्याकडची पांढऱ्याची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. वैधव्याचे पांढरे बंगालचे, गुजरातचे. आपल्या ब्राह्मण घरांतल्या सोवळ्या बायका नेसत ते आलवण तांबडे असे. आत्याने ते स्वतःच्या आजीच्या अंगावर पाहिले होते. पंडिता रमाबाईंचे लग्न झाले बंगाली गृहस्थांशी, १८८० मध्ये, आणि १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ती सदनातल्या छायाचित्रांत त्या दिसतात पांढऱ्या वस्त्रात. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघाले. त्यांच्या अंगावरचे पांढरे कोणते, समाजाने दिलेले की प्रकटीकरणातले? छायाचित्रावरून सांगता येत नाही.

त्या लग्नाच्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. जेवणानंतर सहकाऱ्याच्या आईने आत्याला आत नेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी ट्रंकेतून जुन्या साडीत गुंडाळलेला एक झबल्यासारखा झगा काढला, छातीवर हाताने विणलेली लेस असलेला. नवरीच्या बापाचा बाप्तिस्मा यातच झाला होता, त्याच्या तिन्ही भावंडांचा झाला होता, आणि या नवरीचाही. आता पुढच्याची वाट पाहायची, असे म्हणून त्या हसल्या. झगा पार पिवळा पडला होता. आत्याने तो हातात घेतला, शिवण उलटून पाहिली, उजेडाकडे धरला आणि विचारले, "नीळ घालता का?"

"घालते. दर वर्षी ईस्टरच्या आधी धुऊन ठेवते. पण रंग काही येत नाही."

"साबण लावू नका हो याला. रिठ्यात भिजवा, आणि उन्हात नको, सावलीत वाळवा."

"रिठे? इकडे मिळतात का आता?"

"दादरला मिळतात. मी आणून देईन."

मी हॉलमध्ये येऊन बसलो. आतून बराच वेळ दोघींचे बोलणे ऐकू येत होते. लेस आधी उसवून वेगळी धुवावी की नाही, यावर त्यांचे काही एकमत होत नव्हते.